कांद्याचे परराष्ट्र धोरण

परराष्ट्र धोरण पक्षोपपक्षांच्या राजकारणापलीकडचे असते आणि ते केवळ राष्ट्रहिताच्या कसोटीवर ठरते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कांदा उत्पादकाने तो बाळगण्याचे कारण नाही. घोडेगाव, राहुरी, पारनेरच्या बाजारांनी त्याला वेगळाच धडा दिला आहे.

१९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचाराचा मुद्दा झाला. १९९८ मध्ये महाग कांद्याने दिल्ली राज्यातील सत्तांतरास हातभार लावला. तेव्हापासून सत्ताधारी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, शहरी ग्राहकाच्या रोषाला भिऊन असतात. 'शेजारी प्रथम' हे घोषित धोरण असतानाही सप्टेंबर २०१९ मध्ये अचानक निर्यातबंदी आली. बांगलादेशात भाव कडाडले. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे जाहीरपणे सुनावले. ढाक्याने तुर्कस्तान, इजिप्त, एवढेच नव्हे तर पाकिस्तानकडूनही कांदा आणला. सप्टेंबर २०२० मध्ये याच चुकीची पुनरावृत्ती झाली.

डिसेंबर २०२३ च्या बंदीने आणखी एक गोष्ट उघड केली. मार्च २०२४ मध्ये बांगलादेश व संयुक्त अरब अमिरातीसाठी ६४,४०० टनांची खास परवानगी देण्यात आली. म्हणजे व्यापार उरला नाही. तो दिल्लीच्या मर्जीने वाटायचा प्रसाद झाला. बंदी उठली ती ४ मे रोजी. नगरचे मतदान होते १३ मे रोजी! तरीही येथे सत्ताधारी पक्षाचा उमेदवार पडला. त्याचे सारे श्रेय कांद्याला देणे भाबडेपणाचे होईल. परंतु चाळीत सडणाऱ्या मालाचा राग मतपेटीत उतरलाच नाही, असे कोण म्हणेल?

शहरातील कष्टकऱ्याला स्वस्त कांदा मिळू नये, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. प्रश्न इतकाच की, त्या स्वस्ताईची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने का मोजावी? ती सरकारी तिजोरीने मोजावी. उत्पादन खर्चावर आधारित भावाने पुरेशी खरेदी करावी, शिधावाटप दुकानांतून विक्री करावी आणि शेजाऱ्यांशी दीर्घ मुदतीचे पुरवठा करार करून ते संसदेपुढे ठेवावेत.

परराष्ट्र धोरण देशांतर्गत राजकारणातून घडते, याची खंत करण्याचे कारण नाही. लोकशाहीत ते तसेच घडणार. खंत याची की, त्या राजकारणात उत्पादकाचा आवाज मतदानाच्या आठवडाभर आधीच तेवढा ऐकू येतो. तो वर्षभर ऐकू येईल अशी संघटना उभी करणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे.