टाकी खचली, दोष कोणाचा?



पावसाचे पाणी साठवा, हा उपदेश आम्ही बारमाही ऐकतो. नाही कोण म्हणतो? कोरडवाहू माणूस कर्ज काढून जमिनीखाली टाकी बांधतो. दोन उन्हाळ्यांत एक कोपरा खचतो, भिंत उभी तडकते, पाणी जमिनीत जिरते. मग साहेब येतात आणि सांगतात, पाण्याचे वजन जास्त झाले, टाकी काठोकाठ भरायची नव्हती!

हा हिशेब आम्हाला मान्य नाही. लाख लिटरच्या टाकीत १०० टन पाणी मावते, खरे. पण त्या खड्ड्यातून भिंती-तळाच्या जागेसकट जी माती निघाली, ती २०० टनांच्या घरात होती. सिमेंट-काँक्रीटचे वजन मिळवले तरी जमिनीवरचा भार सहसा वाढत नाही. मग खचली कशाने?

काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात आपल्या वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे कापूसवाल्याला कोणी शिकवायला नको. टाकीची एक बाजू मुरमावर आणि दुसरी काळीवर बसली, किंवा जास्त खणलेला खड्डा सैल मातीने बुजवून वर कोबा टाकला, की घात झाला. सांध्यातून पाणी झिरपते, भराव दबतो, शेजारची काळी फुगते. एकाच तळाची एक बाजू खाली, एक वर. तो तडकणारच.

माती किती फुगते हे मोजायची चाचणी भारतीय मानकात १९७७ पासून आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापाच्या नळ्यांत घ्यायची, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल, आणि चोवीस तास थांबायचे. रॉकेलात माती फुगत नाही, फरक डोळ्यांना दिसतो. एवढी स्वस्त चाचणी! तरी आमच्या हाती येणाऱ्या अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, वाळू, प्लास्टर यांना ओळ असते; चाचणीला नसते, मुरमापर्यंत खोदायला नसते, वीत-वीतभर थर देऊन पाणी मारून धुम्मस करायला नसते. त्या न लिहिलेल्या ओळींचे पैसे आम्ही भेगांतून भरतो, आणि हप्ते चालूच.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मातीचा निकाल जोडल्याशिवाय आराखड्यावर सही नको. पाया तपासून सही करणाऱ्याचे नाव कागदावर असावे, आणि टाकी तडकली तर दुरुस्ती त्याच्या खात्याने करावी.

जिल्हा बैठकीला येताना अंदाजपत्रकाची नक्कल आणा, आणि टाकीच्या तळाच्या पातळीची मूठभर माती वाळवून पिशवीत आणा. नळ्या आम्ही आणतो. रॉकेलही, मिळेल तिथून.