बकरीच्या दुधाला नाक मुरडणाऱ्यांनो

मंडळी, बकरीच्या दुधाचं आईस्क्रीम म्हटलं की आमच्या वर्ध्यातले लोक नाक मुरडतात. वास येतो म्हणे! अहो, तो दोष दुधाचा कमी, हयगयीचा जास्त. बोकड दूर बांधा, सड धुऊन स्वच्छ भांड्यात दूध काढा, लगेच उकळून गार करा. मग साखर-वेलची घालून पॉटमध्ये ओता, भोवती बर्फ नि खडे मीठ भरा, हँडल फिरवा. खा आणि मग बोला!

गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले, ते बकरीचंच दूध घेत. त्यांनी आईस्क्रीम खाल्लं असतं असं मी म्हणत नाही. पण पाहुण्यांना आश्रम दाखवताना बकरीच्या दुधाचं कौतुक सांगायचं, आणि घरी त्यांच्यापुढे ‘फ्रोझन डेझर्ट’ ठेवायचं? डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात बहुधा वनस्पती तेल असतं. साध्या आईस्क्रीममध्ये नियमाने किमान 10 टक्के दुधाचं फॅट लागतं.

शेजारणीच्या दारात दोन बकऱ्या, पण दुधाला गिऱ्हाईक नाही. नातवंडांना तेल चारायचं आणि तिचं दूध नाकारायचं, हे कसलं शहाणपण?