जिल्ह्याचे प्रगतिपुस्तक

औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेची कचेरी आहे आणि त्याच औरंगपुऱ्यात जोतीराव-सावित्रीमाईंचा पुतळाही आहे. दाखले, शिष्यवृत्ती अशा कामांसाठी आपल्या माणसांचे पाय या रस्त्याला लागतातच. मागे तिथे आपल्याच वस्तीतील एक ताई भेटल्या. चार घरची धुणीभांडी करून मुलीला शिकवतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोरगी सहावीत गेली तरी पेपर धड वाचत नाही. आणि गुरुजी सांगतात, जिल्ह्याला मार्क पडतात. पोरीला नाही, जिल्ह्याला कसले मार्क?"

प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०१७-१८ पासून राज्यांना गुण देण्याची पद्धत सुरू केली. २०२२ साली जिल्ह्यांचेही असे पुस्तक निघाले. त्यात एकूण गुण ६००. मुलांना काय येते, शाळेत ती किती टिकतात, शिक्षक आहेत का, याला २९०, वर्गातील शिकवण्याला ९०, कारभाराला ८४, इमारत, पुस्तके, गणवेश यांना ५१. संगणकावरील शिक्षणाला ५० आणि मुलांच्या सुरक्षिततेला ३५. हा शेवटचा हिशेब कोणी मांडला, त्याला आमचा नमस्कार!

या गुणांवर फार हुरळू नये आणि फार खचूही नये. २०२०-२१ साली महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते. पुढच्याच वर्षी पद्धत बदलली आणि दहा पायऱ्यांत आपले राज्य सातव्या पायरीवर आले. शाळा त्याच, मुले तीच, फक्त मोजपट्टी नवी.

शिवाय यातली बरीचशी माहिती शाळाच भरून देते. कागदावरचा पट आणि बाकावरचे मूल यांत किती अंतर असते, ते महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पाहिले. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती. लाखो नावे नुसती कागदावरची निघाली.

पण आमचे खरे दुखणे वेगळेच आहे. राज्याच्या गुणपत्रकात पहिल्यापासून 'समता' हा स्वतंत्र विषय आहे. १००० पैकी २३० गुण त्याचे होते. दलित, आदिवासी मुले आणि बाकीची मुले यांच्यात किती अंतर आहे, ते त्यात पाहिले जाई. जिल्ह्याच्या गुणपत्रकात सहा विभाग आणि बारा उपविभाग आहेत, त्यांत समता नावाचा एकही नाही. म्हणजे ज्या औरंगपुऱ्यात आपल्या शाळांचा कारभार चालतो, तिथवर येईपर्यंत तो विषयच गळून पडतो. सरासरी चांगली आली की ताईंची मुलगी त्या सरासरीच्या पदराआड दिसेनाशी होते.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सरकारला हाच हिशेब विचारला होता. शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ च पोचतात, बाकीच्या ८२ जणांवरचा खर्च वाया जातो, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. शाळा किती उघडल्या यावर ते थांबले नाहीत. आत गेलेले मूल शिकून बाहेर पडले का, ते विचारले.

तो हिशेब आज आपल्या हातातही आहे. मुख्याध्यापक दरवर्षी शासनाला जो तक्ता भरून देतात, त्यात वर्गवार अनुसूचित जातीची मुले किती, याचा रकाना असतो. बौद्ध मुलांचाही वेगळा असतो. आपले मूल दोन्हीकडे मोजले जाऊ शकते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. ताईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं नाव आहे त्या कमिटीत. सही करायला बोलावतात."

आता पुढच्या बैठकीला त्या सहीआधी तक्ता मागणार आहेत. आम्ही त्यांना एका कागदावर दोनच प्रश्न लिहून दिले. पाच वर्षांपूर्वी पहिलीत आपली किती मुले होती? त्यातली आज सहावीत किती आहेत? कागद त्यांनी पदराच्या गाठीत बांधला. वाचून दाखवायला मुलीलाच बरोबर नेईन म्हणाल्या.