सवालात दडलेलं उत्तर

मन ओळखणारा माणूस वैरागसारख्या बाजाराच्या गावाला नवा नाही. मदारी जमुऱ्याला चादरीखाली झोपवायचा आणि घोळक्यातल्या एखाद्याची वस्तू हातात घेऊन विचारायचा, ‘जमुरे, ये क्या है?’ पोरगं आतून बिनचूक सांगायचं. खरी गोम सवालातच असे. शब्द बदलला की वस्तू बदलली. टाळ्या पडत, चार-आठ आणे पडत. जमुऱ्याच्या पाया मात्र कोणी पडत नसे.

सुहानी शाह हिने हा मनकवडेपणा नाट्यगृहात आणि मोबाइलवर नेला. जन्म 1990चा, उदयपूरचा. जादूच्या हट्टापायी शाळा अगदी सुरुवातीलाच सुटली आणि 1997 मध्ये, सातव्या वर्षी, अहमदाबादेत ती पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली. आधी मोठमोठे जादूचे खेळ, पुढे मनातलं ओळखणं. समोरच्याच्या पहिल्या प्रेमाचं नाव ती सांगते आणि लगेच हेही सांगते, की ही कला आहे, सिद्धी नव्हे. 2025 मध्ये इटलीतल्या जागतिक जादू स्पर्धेत तिचा गौरव झाला.

पण ती घराघरांत पोचली, ती जानेवारी 2023 मध्ये. नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींचा दरबार भरला होता. भक्ताची अडचण त्याने सांगण्याआधीच चिठ्ठीवर! अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी आव्हान दिलं: आमच्या अटींवर हेच करून दाखवा, 30 लाख रुपये घ्या. शास्त्रींनी त्यांनाच रायपूरला बोलावलं. त्याच दिवसांत सुहानीने वृत्तवाहिन्यांवर निवेदकांच्या मनातलं ओळखून दाखवलं, कुठल्याही कृपेचं नाव न घेता.

पोलिसांना शास्त्रींच्या दरबारात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दिसला नाही. ठीक. पण प्रश्न कायद्यापुरता नाही. तिकीट काढून जाणाऱ्याला आपण फसायला आलोय हे ठाऊक असतं. दरबारात आलेला आजार, कर्ज, पोरीचं लग्न घेऊन आलेला असतो. सामर्थ्य दैवी म्हणायचं असेल, तर तपासणीला उभं राहायलाच हवं.

वैराग भागातल्या शाळांनी यंदाच्या गॅदरिंगमध्ये एक तास मनकवड्याच्या खेळाला द्यावा. आधी पोरांना थक्क होऊ द्यावं, मग सवालातला तो शब्द त्यांनाच शोधायला लावावा.