नातवंडांना कायतनेत जाऊ द्या



पेसाख संपला की आपल्या घराघरांत एकच विषय निघतो. खोफेश गादोलमध्ये, म्हणजे मोठ्या सुट्टीत, मुलांना सांभाळणार कोण? प्राथमिक शाळा 30 जूनला बंद होतात त्या 1 सप्टेंबरला उघडतात. पुरते दोन महिने. आईबाप दोघेही नोकरीला, त्यांच्या दोघांच्या रजा एकत्र केल्या तरी एवढी सुट्टी भरत नाही. मग फोन आपल्याला येतो. गुडघे दुखोत की साखर वाढो, सबा-सावता हजर.

या सदरात मी बहुतेक वेळा आपल्याच दुखण्यांविषयी लिहिते. रक्तदाब, हाडे, औषधांच्या वेळा. आज नातवंडांविषयी लिहिते आहे, आणि तेही सगळ्या नातवंडांविषयी नाही. ज्याला मित्र जमत नाहीत, जो वाढदिवसाच्या पार्टीत टेबलाखाली जाऊन बसतो, खेळात हरला की पत्ते भिरकावतो, पाहुणा आला की खोलीत शिरून दार लावतो, असे एखादे मूल आपल्या प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी असतेच. त्याच्यासाठी हा लेख.

साधी कायतना आपल्याला माहीत आहे. मोठा घोळका, मोठ्याने लावलेली गाणी, पोहण्याचा तलाव, दुपारी शेंगदाण्याची बांबा. धीट मुलांना ती फार आवडते. वर सांगितलेल्या मुलाला मात्र तिथे पहिल्याच दिवशी पोटात दुखते आणि दुसऱ्या दिवशी ते घरीच राहते. पण दुसऱ्याही प्रकारची कायतना असते. लहान गट, जास्त मोठी माणसे, आणि शिकवायचे ते हेच की माणसांत कसे वावरावे. माझा धाकटा नातू आठ वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात तो आमच्या मत्नासमधल्या अशाच कायतनेत तीन आठवडे गेला. गटात दहा मुले, दोन मद्रिख आणि हाताच्या व रोजच्या कामांचे उपचार करणारी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट. रोज आणायला मीच जात होते, आणि जुनी नर्स असल्यामुळे दाराशी उभी राहून सगळे न्याहाळत होते.

भिंतीवर दिवसाचा क्रम चित्रांनी लावलेला. आधी गोल बसणे, मग दहाचे खाणे, मग खेळ, मग स्वयंपाक. एक काम झाले की मूल उठून त्याचे चित्र उलटे करते. आता पुढे काय होणार, ही ज्या मुलांना सतत धास्ती असते, त्यांची निम्मी धास्ती एवढ्यानेच जाते. कोपऱ्यात एक छोटा तंबू. गोंगाट सहन झाला नाही की मुलाने निळे कार्ड दाखवायचे आणि तंबूत जाऊन बसायचे. कोणी काही विचारत नाही. पहिल्या आठवड्यात आमचे साहेब तंबूतच मुक्कामाला होते. तिसऱ्या आठवड्यात दिवसातून एकदा.

स्वयंपाक म्हणजे सॅलड. प्रत्येकाने स्वतः सुरीने काकडी कापायची. मकोलेतमध्ये जायचे, वीस शेकेल हातात, पाव मागायचा, किंमत विचारायची, उरलेले पैसे मोजून घ्यायचे. आणि जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते म्हणजे चालू खेळात शिरायचे कसे, याची रीतसर तालीम. आधी जवळ उभे राहून बघायचे. कोणता खेळ आहे ते समजून घ्यायचे. मध्ये थोडी उसंत मिळाली की विचारायचे, "मी पण येऊ का?" आणि "नको" म्हणाले तर काय करायचे, त्याचीही तालीम. मद्रिख मुद्दाम "नको" म्हणायचा आणि मुलाने रडता, ढकलता न येता दुसऱ्या खेळाकडे जायचे. जमले की तिथल्या तिथे शाबासकी, संध्याकाळी नव्हे.

तुम्ही म्हणाल, हे काय शिकवायचे असते? बहुतेक मुले हे बघून बघून उचलतात, म्हणून आपल्याला वाटते की ते आपोआप येते. काही मुलांना ते बघून येत नाही. त्यांना त्याचे तुकडे पाडून, पुन्हा पुन्हा करवून घ्यावे लागते. अर्धांगवायूच्या रोग्याला आम्ही चालायला शिकवायचो ते असेच. आधी बसणे, मग तोल, मग एक पाऊल. त्या रोग्याला कोणी आळशी म्हणत नाही. मग या मुलाला "शिष्ट" आणि "हट्टी" का म्हणावे?

ही काही कालची फॅशन नाही. अमेरिकेत विल्यम पेल्हॅम या मानसशास्त्रज्ञाने 1980 साली चंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी उपचार-शिबिर सुरू केले. खेळ, वर्ग, चांगल्या वागण्याला गुण, आणि रोज घरी जाणारे प्रगतिपत्रक. जागतिक आरोग्य संघटनेनेही 1990च्या दशकात जीवनकौशल्यांची यादी केली. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे दुःख समजणे, रागाला आवर घालणे, अडचणीतून वाट काढणे, निर्णय घेणे अशी दहा कौशल्ये त्यात आहेत. आपल्या आज्यांना ही यादी दाखवली असती तर त्या म्हणाल्या असत्या, "म्हणजे शहाणपण!"

आता आपल्या लोकांचे बोलणे. ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये मी नातवाविषयी सांगितले तेव्हा एक मैत्रीण कुजबुजली, "अगं, तसल्या मुलांत घातलंस त्याला? लोक काय म्हणतील? उद्या लग्न ठरवताना कोणी विचारलं तर?" दुसरी म्हणाली, "आपण कुठे गेलो होतो कायतनेत? शिकलोच ना?"

पहिलीला मी एवढेच म्हटले की लग्नाला अजून वीस वर्षे आहेत आणि वर्गात एकटे बसणे आजचे आहे. दुसरीचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे.

आपण कायतनेत गेलो नाही हे खरे. मे महिना लागला की आम्ही माझगावची भावंडे भाऊच्या धक्क्यावर लाँच पकडायचो, रेवसला उतरून एस्टीने अलिबागच्या बाजूला काकांच्या वाडीत. पंधरा-सोळा चुलत-आत्ते-मामे भावंडे एका पडवीत झोपायची. आंबे वाटायचे कसे, विहिरीवर पहिला नंबर कोणाचा, धाकट्याला कडेवर घेऊन लगोरी कशी खेळायची, काकूने रागावले तर कोणाच्या आड लपायचे, सगळे तिथेच कळले. तीच आमची कायतना होती, दोन महिन्यांची आणि फुकटची. आज माझा नातू चौथ्या मजल्यावर राहतो, त्याला एकच बहीण आहे आणि हातात टॅब्लेट आहे. वाडी मी त्याला कुठून आणून देऊ?

आणि वाडीतही सगळे शिकले असे मुळीच नाही. आमचा एक चुलतभाऊ होता. तो विहिरीच्या काठाशी पाठमोरा बसायचा. मुले त्याला मुका म्हणत. तो मुका नव्हता. अलिबाग डेपोतून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या आणि त्याविषयी विचारले तर तो तासभर बोलायचा. पण ते विचारणार कोण? शाळा सातवीला सुटली. पुढे जन्मभर तो काकांच्या दुकानात मागच्या खोलीत पोती मोजत राहिला. गिऱ्हाईक समोर आले की आत पळायचा. भावंडे एकेक करून इस्रायलला आली, तो तिथेच राहिला आणि तिथेच गेला. घरचे लोक वाईट नव्हते. त्याला पोटभर जेवायला होते, सणाला नवे कपडे होते. फक्त त्याला कोणी काही शिकवता येईल, हे कोणाच्या मनात आले नाही. "आपल्या वेळी असली मुले नव्हती" असे कोणी म्हटले की मला ती विहीर आठवते.

दुसरा मुद्दा जरा टोचेल, पण बोलते. मी इथे टिपत खलावमध्ये अनेक वर्षे काम केले. बाळाचे वजन, लस, वाढ हे बघता बघता आजी-आजोबाही बघायला मिळत. आपल्या लोकांचे प्रेम हातातून आणि ताटातून वाहते. सहा वर्षांच्या मुलाला आजी घास भरवते, आठ वर्षांच्याच्या बुटाची नाडी बांधते, दुकानात त्याच्याऐवजी स्वतः बोलते. धीट मूल हे सगळे झिडकारून पुढे जाते. बुजऱ्या मुलाला ते सोयीचे पडते आणि ते तिथेच थांबते. माझ्या नातवाने कायतनेतून आल्यावर मोठ्या ऐटीत सुरी मागितली, तर आमच्या घरातले आजोबा "अरे, बोट कापशील!" म्हणून धावले. मी त्यांना बाहेर बाल्कनीत बसवले. काकडीचे तुकडे ओबडधोबड झाले. आजोबांनी ते मुकाट्याने खाल्ले आणि नंतर दोनदा मागून घेतले.

आता कामाचे. या देशात 1990च्या कायद्याप्रमाणे कायतनेला परवाना लागतो. तो आहे का, हे मुलगा-सून विसरले तर आपण विचारावे. गटात मुले किती, त्यांच्यामागे मोठी माणसे किती, मद्रिख सतरा वर्षांची पोरेच आहेत की जाणते कोणी हजर असते, मूल किंचाळले किंवा पळाले तर काय करतात, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाला "आमच्याकडे असे होत नाही" असे उत्तर मिळाले तर दुसरी कायतना शोधा. प्रकृतीचा फॉर्म खरा भरावा. दमा, फेफरे, तीळ-शेंगदाण्याची ॲलर्जी लाजेखातर लपवू नये. लक्ष लागण्यासाठी मूल रिटालिनसारखी गोळी घेत असेल तर सुट्टी लागली म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, आणि जे ठरेल ते कायतनेतल्या लोकांना सांगा. या गोळीने दुपारची भूक मरते, म्हणून सकाळी घरून भरपेट खाऊन पाठवावे. टोपी आणि पाण्याची बाटली तर हवीच. ही मुले खेळात गुंतली की तहान लागल्याचे सांगत नाहीत, म्हणून मद्रिखला तेवढे वेगळे सांगून ठेवावे.

तीन आठवड्यांत मूल बदलून जाते असे मी म्हणणार नाही. आमचा नातू 1 सप्टेंबरला शाळेच्या फाटकापाशी पहिल्यासारखाच भिंतीला चिकटून उभा होता. पण सुक्कोतच्या सुट्टीत कायतनेतला एक मुलगा आमच्याकडे आला. दोघे जमिनीवर शेजारी शेजारी बसून तासभर आपापले लेगो जोडत राहिले. बोलले असतील चार वाक्ये. जाताना त्या मुलाने विचारले, "परत कधी येऊ?" माझी सून स्वयंपाकघरात जाऊन रडली.

माझी तक्रार वेगळीच आहे. विशेष शिक्षणाच्या शाळा सुट्टीतही काही आठवडे चालू राहतात, आणि ते योग्यच आहे. धीट मुलांना साधी कायतना आहे. मधले मूल, जे साध्या वर्गात बसते पण कोणाशी बोलत नाही, त्याच्यासाठी जागा थोड्या आणि फी जास्त. माझ्या मुलाने भरली. ज्या घरात एकच पगार आहे तिथे काय करायचे? आपल्या समाजाच्या संस्था सहली काढतात, जेवणावळी घालतात, हॉल घेऊन गाण्यांचे कार्यक्रम करतात. मीही त्यांत हौसेने जाते. त्यातला एक कार्यक्रम कमी करून दोन-तीन मुलांची फी भरली तर मला ते जास्त आवडेल, आणि हे मी पुढच्या सभेत उभी राहून बोलणार आहे. ज्यांना पटते त्यांनी त्या दिवशी हात वर करावा.

तोवर ज्यांच्या घरी असे नातवंड आहे त्यांनी सुनेला किंवा लेकीला आजच मत्नासमध्ये फोन करायला सांगावे. आमच्याकडे नोंदणी पेसाखनंतर सुरू झाली आणि दहा जागा आठवड्याभरात भरल्या.