नापासांचे यान आणि जबाबदारीचा प्रश्न

अंतराळवीर म्हटला की तो निष्णात, निर्भय आणि धीरोदात्त असलाच पाहिजे, अशी आपली समजूत महासत्तांच्या प्रचारयंत्रणांनी करून दिलेली आहे. बीबीसीच्या ‘रेड ड्वार्फ’ या विनोदी मालिकेने १९८८ साली या समजुतीला सुरुंग लावला. रॉब ग्रँट आणि डग नेलर या लेखकद्वयाच्या यानावर नायक नाहीत. आहेत ते नापास.

यान एका खाणकंपनीचे. त्यावरील सर्वांत खालच्या हुद्द्याचा तंत्रज्ञ लिस्टर. त्याच्यावर रुबाब गाजविणारा रिमर त्याच्याहून अवघी एक पायरी वर. दोघांचे काम सूप ओतणाऱ्या यंत्रांच्या तोट्या साफ ठेवण्याचे! चोरून मांजर पाळल्याबद्दल लिस्टरला कालस्तंभनाची शिक्षा होते आणि तीच त्याला तारते. कारण किरणोत्सर्गाच्या गळतीत बाकीचे सारे मरतात. तीस लाख वर्षांनी जागा झालेल्या लिस्टरच्या सोबतीला उरतात ते रिमरची प्रकाशप्रतिमा, मांजराचा एक नटवा वंशज आणि बुद्धी गंजलेला संगणक. पुढे फजितीमागून फजिती.

परीक्षेसाठी हातापायांवर उत्तरे लिहून नेणारा आणि तरीही ऐनवेळी मूर्च्छित पडणारा रिमर हास्यास्पद खराच. परंतु वरच्यांपुढे लवणे आणि खालच्याला छळणे हा त्याचा स्वभाव उतरंडीच्या व्यवस्थेने घडविलेला आहे. एका पायरीचे अंतर, एवढेच त्याचे भांडवल.

१९९१ मधील ‘जस्टिस’ हा भाग या दृष्टीने मननीय आहे. गळतीला आपली सदोष दुरुस्ती कारणीभूत झाली, असे रिमर मनोमन मानतो. ती अपराधभावना वाचून एक यांत्रिक न्यायासन त्याला हजारावर मृत्यूंबद्दल दोषी ठरविते. त्याचे वकीलपत्र घेणारा यंत्रमानव क्रायटन विचारतो तो प्रश्न थोडक्यात असा: सूपच्या तोट्यांपलीकडे ज्याची मजल नाही, त्याच्या हाती सबंध जहाजाचे प्राण कोण सोपवील? रिमर सुटतो, मात्र मूर्ख ठरून.

येथे आपण हसतो आणि थांबतो. वस्तुतः खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. जबाबदारी त्याची नव्हती, तर मग कोणाची होती?

मालिका सुरू होण्याच्या दोनच वर्षे आधी, २८ जानेवारी १९८६ रोजी, अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. त्यावरील सात जण मृत्युमुखी पडले. ते नापास नव्हते. कडाक्याच्या थंडीत रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कडी दगा देतील, असा इशारा रॉकेट बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्रीच दिला होता. त्यांच्याच व्यवस्थापनाने तो डावलला. चौकशी आयोगाने सदोष सांध्याबरोबरच सदोष निर्णयप्रक्रियेवरही बोट ठेवले.

कामचुकारपणाचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. ज्याने काम नीट केले नाही, त्याने जाब दिलाच पाहिजे. परंतु अधिकार वर आणि दोष खाली, ही विभागणी न्यायाची नव्हे. जेथे नफा किंवा प्रतिष्ठा यांचे वेळापत्रक सुरक्षिततेहून वरचढ ठरते, तेथे तळच्या माणसाचा शहाणपणाही निरुपयोगी होतो आणि त्याची चूक मात्र सर्वांच्या सोयीची ठरते.

म्हणून पुढील अपघाताच्या बातमीत ‘कामगाराची चूक’ हे शब्द दिसतील तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: दुरुस्तीचा खर्च कोणी रोखला, तपासणी कोणाकडे होती आणि इशारा कोणी दाबला? ही उत्तरे मिळेपर्यंत रिमरला फाशी देण्याची घाई करू नये.