आधी डेसिबल सांगा, मग २९९ रुपये मागा

आमच्याकडच्या एका शाळेने गेल्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला. मुलं मोबाईल वापरतात, म्हणून प्रत्येकाने 'अँटी रेडिएशन' स्टिकर घ्यावा. किंमत २९९, पैसे वर्गशिक्षकांकडे. स्टिकरमधले 'मॅग्नेटिक मेटल पार्टिकल' ९९ टक्के रेडिएशन शोषून घेतात म्हणे. आमच्या गल्लीतल्या एका ताईंची दोन पोरं त्या शाळेत आहेत. ५९८ रुपये म्हणजे त्यांची दोन दिवसांची मजुरी. मला विचारायला आल्या, "भाऊ, घेऊ का?"

धातूच्या कणांची गोष्ट खोटी नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. लोखंडाचा सरळ पत्रा लावला तर मायक्रोवेव्ह आरशावरून फिरावी तशी परत फिरते. पण तेच लोखंड काही मायक्रॉनची बारीक पूड करून रबरात किंवा इपॉक्सीत असं कालवलं की कण एकमेकांपासून सुटे राहतील, तर लहर आत शिरते. कणांमधलं चुंबकत्व तिच्या तालावर हलू बघतं, मागे पडतं, आणि त्या ओढाताणीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. या पुडीला कार्बोनिल आयर्न म्हणतात. रडारपासून लपायला जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धातच असं रबर वापरलं होतं.

पण हे काम करणारा माणूस तीन आकडे सांगतो: किती गिगाहर्ट्झला, किती जाडीला, किती डेसिबल. ९९ टक्के म्हणजे २० डेसिबल. १० गिगाहर्ट्झला साधारण दीड-दोन मिलिमीटरचा थर लागतो, आणि लहर लांब होत गेली की जाडी वाढवावी लागते. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर लांब, आणि हा स्टिकर कागदाएवढा! फोनच्या आत असे पातळ थर असतात, खरंय. पण ते सर्किटमधला गोंगाट आवरायला असतात, पोरांच्या डोक्यासाठी नाही.

बरं, समजा त्याने खरंच शोषलं. मग टॉवरपर्यंत सिग्नल पोचवायला फोन स्वतःच पॉवर वाढवणार. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या कवचवाल्यांवर २००२ मध्येच कारवाई केली. आपल्याकडे २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी पत्रकार परिषद घेऊन शेणाची चिप दाखवली. शेकडो शास्त्रज्ञांनी पत्र लिहून पुरावा मागितला. वरून हे चालतं, मग खाली मुख्याध्यापकांना काय बोलायचं?

बोलायचंच. फोनवर *#०७# दाबा, बहुतेक फोनमध्ये सार दिसतो. भारतात मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. तरी काळजी वाटत असेल तर इअरफोन लावा, फोन डोक्यापासून लांब धरा. फुकट आहे.

आणि आमची जातही धुतल्या तांदळाची नाही. याच स्टिकरची पाव पान जाहिरात आमच्याच पेपरात बातमीच्या टाईपात छापून आली. मी डेस्कवर होतो. वाचली आणि पुढे सरकवली. ताईंना हे सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहितोय.

शाळेला लेखी विचारलंय: कुठल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट, किती गिगाहर्ट्झ, किती डेसिबल? पाच दिवस झाले. मेसेजवर निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. ज्यांनी पैसे भरलेत त्यांनी पावती मागा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. ताईंनी भरलेले नाहीत.